फुलसावंगीपलीकडचा पांढरा गाळ

माणसं हवा पालटायला जातात, देवाला जातात, नाहीतर लग्नाला जातात. मी यवतमाळ जिल्ह्यात गेलो तो माती आणायला. निघताना शेजारच्या काकूंनी विचारलं, "का हो, पुण्यातली संपली वाटतं?" तेव्हा मी मनापासून हसलो. परत आल्यावर त्यांनी तोच विनोद पुन्हा केला आणि मी तोंड फिरवून जिना चढलो. काकू अजून रुसलेल्या आहेत.

पुण्याच्या एका प्रयोगशाळेत मी मातीची ताकद मोजतो. हा काय धंदा आहे, असं सासुरवाडीला अजून वाटतं. पण ज्या मातीवर धरण उभं करायचं ती किती भार सोसेल, कशानं कोसळेल, हे कुणीतरी मोजायलाच हवं. महाराष्ट्र राज्य झाल्यापासून जिकडे तिकडे बांध घालायचं काम निघालं आहे, त्यामुळे आमच्या यंत्रांना उसंत नाही. फुलसावंगीचं काम मात्र बांध घालण्याचं नव्हतं, फुटलेल्याचं होतं.

फुलसावंगीच्या पलीकडे, जमीन पैनगंगेकडे उतरू लागते तिथे, चुनखडी धुण्याचा एक कारखाना आहे. दगड फोडायचा, धुवायचा, चांगला माल न्यायचा आणि उरलेला पांढरा गाळ नाल्यात बांध घालून अडवायचा. तळं भरलं की बांध आणखी उंच करायचा, आणि ती उंची साठलेल्या गाळावरच चढवायची. भाद्रपदात तो बांध फुटला आणि खालचा बंजाऱ्यांचा तांडा अर्धाअधिक गाळात गेला.

सरकारनं चौकशी नेमली. प्रश्न एकच होता. बांधाखालचा गाळ मुळातच कच्चा होता, की कुणी बांध खणला म्हणून तो फुटला? कारखाना म्हणत होता, खणला. खणणारा त्याच तांड्यातला परसराम राठोड. आदल्या दिवशी तो बांधाच्या पायथ्याशी कुदळ घेऊन दिसला होता, आणि आता यवतमाळच्या तुरुंगात होता. गाळ कच्चा निघाला तर परसराम सुटणार आणि तांड्याला दुसरी जमीन मिळणार. भक्कम निघाला तर दोन्ही गेलं. गाळ मोजायचं काम माझ्याकडे आलं.

आर्णी

यवतमाळहून एसटी निघाली तेव्हा मार्गशीर्षातली थंडी चांगलीच बोचत होती. दोन्ही अंगांना कापूस फुटला होता, आणि काळ्या जमिनीवर तो इतका पांढरा दिसत होता की डोळे निवले. आणखी दोन दिवसांनी पांढरा रंग मला नकोसा होणार आहे, हे तेव्हा ठाऊक नव्हतं.

कंडक्टरनं माझ्या पेटीवर चापट मारली. "साहेब, काय हाय हिच्यात?"

"रिकाम्या नळ्या."

"मंग रिकाम्याचं भाडं कायले घ्याचं? येतानी भरून आणसान तवा पाहू."

आर्णीला गाडी बराच वेळ थांबली. आमच्याकडे आधी विचारतात, चहा घेणार का, आणि उत्तर कसं येतं त्यावरून आधण ठेवतात. इथे विचारायची पद्धतच नाही. हॉटेलवाल्यानं बशी पुढे केली, तीत चहा कमी आणि साखर जास्त. बरोबर आलूबोंडा आणि त्यावर लाल तर्री. पहिल्या घासाला माझ्या डोळ्यांतून पाणी आलं, तसा तो खूश झाला. मी कुठे चाललोय ते ऐकल्यावर मात्र त्याचं हसू मावळलं.

"थ्या तांड्यात? बाप्पा! माणसं पांढरे पुतळे करून काढले तिथून. कोन कोनाचं, तोंड धुतल्याशिवाय वयखू येत नोतं."

दुसरी बशी मी घेतली नाही.

तांडा

फुलसावंगीहून पुढे तहसील कचेरीची जीप होती. ती पहिल्याच नाल्यात आडवी झाली आणि तिचा आस मोडला. ड्रायव्हर बॉनेट उघडून आत बघत बसला, जणू आस तिथे असतो. मी दगडावर बसून सरकारचा उद्धार करत होतो, तेवढ्यात समोरून बैलगाडी आली. गाडीवान म्हातारा, लाल पागोट्याचा, कानात चांदीची बाळी. तांड्याचा नाईक सोमला. परसरामचा बाप.

"तुमीच का मातीवाले साहेब?" त्यानं विचारलं आणि उत्तराची वाट न पाहता पेटी उचलून गाडीत ठेवली. सरकारी जीपवर भिस्त ठेवायची नाही, हे ओळखूनच तो घरून निघाला होता.

तांडा आता टेकडीच्या उतारावर ताडपत्र्यांखाली होता. जुना तांडा खाली दिसत होता, म्हणजे दिसत नव्हता. नाल्याच्या दोन्ही काठांवर पांढरा थर पसरला होता, बाभळी कमरेपर्यंत पांढऱ्या होत्या, आणि एका घराचं आढं तेवढं वर राहिलं होतं. सोमलानं बोट दाखवून कुणाचं घर कुठे होतं ते सांगितलं. आपलं घर दाखवताना त्याचं बोट थांबलं नाही, आवाजही बदलला नाही. "हे आमचं. परसरामची याडी आतच होती." याडी म्हणजे आई. सोमलाची बायको.

कुदळीची गोष्टही त्यानंच सांगितली. दसरा जवळ आला होता. घरं पोतारायला पांढरी माती हवी. पूर्वी दूरच्या खाणीतून आणत. कारखाना आल्यापासून बायका बांधाच्या पायथ्याची आणत, आणि इतक्या वर्षांत कुणी हरकत घेतली नव्हती. परसरामच्या आईनं त्याला दोन टोपली आणायला पाठवलं, त्यानं आणली. अर्धी भिंत पोतारून झाली होती.

"दोन टोपल्यानं बांध फुटते काय, साहेब?"

आमच्या धंद्यात मोजल्याशिवाय बोलत नाहीत. पण बांधाचा जो तुकडा उभा राहिला होता त्याच्या पोटात मी खड्डा खणला आणि मूठभर गाळ तळहातावर घेऊन हलवला. हलवताच त्याच्यावर पाणी सुटलं, गाळ चकाकला आणि दह्यासारखा बोटांतून ओघळला. मला त्याच क्षणी कळलं की परसराम निर्दोष आहे. अशा गाळावर बांध चढवणाऱ्यालाच आत टाकायला हवं होतं.

पण तळहातावरचा पुरावा चौकशीत चालत नाही. त्याला यंत्रातला आकडा लागतो, आणि यंत्रात घालायचा नमुना जमिनीत होता तस्साच, कण न हलता यावा लागतो. पायलीत ज्वारी अलगद ओतली तर ती भरून वाहते. तीच पायली दोनदा आपटा, ज्वारी खाली बसते आणि चार मुठी आणखी मावतात. मोकळी बसलेली माती कच्ची, दाबून बसलेली भक्कम. सगळी विद्या एवढीच आहे. म्हणून मी त्या पोलादी नळ्या हातानं, श्वास रोखून गाळात दाबल्या, तितक्याच हळू काढल्या, दोन्ही तोंडांना मेण ओतलं. ओलावा मोजायचे लहान डबेही भरले. लग्नात नवरीला जपत नाहीत इतकं मी त्या गाळाला जपलं.

जेवायला सोल्यांची भाजी होती, म्हणजे तुरीच्या ओल्या दाण्यांची, ज्वारीची भाकरी आणि ठेचा. वाढत होती सोमलाची सून, परसरामची बायको सीता. तिनं मला राम राम केला नाही. भाकरी टाकताना एवढंच म्हणाली, "गंज साहेब आले. माती पाह्यली, गेले." गंज म्हणजे पुष्कळ.

"हे तसे नोहेत," सोमला म्हणाला.

"सारेच तसे नसते, बा," ती म्हणाली आणि चुलीकडे गेली.

सकाळी सोमला ज्वारीची गोण भरत होता. भरायची, दोन्ही कान धरून उचलायची, जमिनीवर आपटायची, खाली बसली की वर आणखी ओतायची, पुन्हा आपटायची. प्रत्येक वेळी त्याच्या तोंडून 'हं' असा आवाज निघे.

"इतकं काहून आपटता, नाईक?" मीही एव्हाना काहून म्हणू लागलो होतो.

"बसला पायजे माल. सैल गोन बैलाच्या पाठीवर हालते. हालली का फाटते, फाटली का सांडते." त्यानं गोणीवर हात थोपटला. "माहा आजा लदेनी करे. मीठ घेऊन कोकनातून बैलाचे तांडे चालत यायचे. रस्त्यात मूठभर मीठ सांडलं तं आजा आठ दिवस कोनाशी बोलत नोता."

मला हे फार आवडलं. ते मी टिपूनही ठेवलं. आपल्याकडे हमाल पेटी फेकतात, आणि इथे माल न सांडण्याची घराण्याची अब्रू आहे, असं काहीतरी कौतुकाचं मी लिहिलं.

त्या दिवशी कारखान्याच्या दिवाणजींनी मला बोलावून घेतलं. गाळ त्यांच्या हद्दीतला, तो नेण्याचा परवाना त्यांच्या सहीचा. सहीसाठी त्यांनी मला दुपारभर बाकावर बसवलं, मधूनमधून सुपारी दिली, आणि बंजारे किती अडाणी असतात यावर व्याख्यान दिलं. तांड्यावरून निघताना मी नळ्या सोमलाच्या हवाली केल्या होत्या. दुसरं कोण होतं तिथे? आणि त्याच्याइतकं कुणाला त्यांचं मोल होतं?

"उभ्याच ठेवा," मी सांगितलं होतं. "हलू द्यायच्या नाहीत, सांडू द्यायच्या नाहीत. परसरामची सुटका ह्यांच्यात आहे."

"जीव गेला तरी हालनार नाई," तो म्हणाला होता.

परत

मी आलो तेव्हा गाडी सजलेली होती. खाली कडब्याचा हातभर थर, त्यावर गोधडी, गोधडीत पेटी, आणि पेटीला चहूबाजूंनी दोर. सोमला स्वतः गाडीत बसला नाही; बैलांच्या पुढे चालत, एकेक दगड पायानं बाजूला सारत तो फुलसावंगीपर्यंत आला. इतकी सुरेख बैलगाडी मी आयुष्यात अनुभवली नाही. एसटीत पेटी मी मांडीवर घेतली. कंडक्टर तोच. "भरल्या वाटते," तो म्हणाला, आणि भाडं मागायचं विसरला की त्यानं मुद्दाम मागितलं नाही, कोण जाणे. यवतमाळहून मूर्तिजापूरला जाणारी छोटी गाडी इतकी सावकाश चालते की लोक मध्येच उतरून बोरं वेचतात. एरवी मी तिला शिव्या दिल्या असत्या. या वेळी तिला मनात ओवाळलं.

पुण्यात पोचलो तेव्हा मांड्या बधिर झाल्या होत्या, पण मी खुशीत होतो. गाळाला धक्का लागला नव्हता.

पुणे

पहिली नळी उघडायला घेतली आणि माझा हात थांबला. आमचं मेण पांढरं असतं. नळीच्या तोंडाला होतं ते पिवळसर, आणि त्याला मधाचा वास येत होता. कडेनं अंगठ्यानं दाबून ते नीट बसवलं होतं. अंगठ्याची रेघन् रेघ उमटली होती. दुसऱ्या नळीला तसंच. सगळ्यांना तसंच. डब्यांचीही तीच गत.

आतला गाळ काठोकाठ भरलेला होता. मी तो बाहेर काढला, रबरी पिशवीत घातला, यंत्राच्या काचेच्या भांड्यात ठेवून भोवती पाण्याचा दाब दिला आणि वरून भार चढवू लागलो. कच्चा गाळ असता तर थोड्याशा भारानं आतलं पाणी तुंबून तो मटकन बसला असता. हा बसला नाही. भार वाढवत गेलो, हा ताठ उभा. दुसरा, तिसरा, सगळे. तळहातावरून दह्यासारखा ओघळलेला गाळ माझ्यासमोर विटेसारखा उभा होता, आणि मी त्याला मनात विनवत होतो, पड रे बाबा, पड.

आमच्या साहेबांनी आकडे पाहिले. "गाळ भक्कम आहे. लिहून टाका."

"साहेब, मेण माझं नाही. नळ्या वाटेत उघडल्या गेल्यात."

"ताबा कुणाकडे होता?"

"आरोपीच्या बापाकडे."

साहेब वाईट नाहीत. त्यांनी चष्मा काढला आणि बराच वेळ पुसला. "असं लिहिलंत तर म्हणतील, बापानं पुरावा बदलला. मुलाबरोबर तोही आत जाईल. न लिहिलंत, तर मुलगा जाईल. काय लिहिता?"

मी म्हणालो, पुन्हा जातो, नवे नमुने आणतो. परवानगी मिळेपर्यंत फाल्गुन उजाडला.

पुन्हा तांडा

या वेळी पळस फुलला होता, रस्त्यानं होळीची गाणी म्हणणारे बंजारे भेटत होते. मला कशातच रस नव्हता. आर्णीच्या हॉटेलवाल्यानं ओळखलं आणि न विचारता बशी पुढे केली. तो चहा गोड होता की नाही हे आज आठवत नाही.

बांधाचा उरलेला तुकडा नव्हता. धोका नको म्हणून कारखान्यानं तो पाडला होता आणि गाळ उन्हात पसरून वरून रोलर फिरवला होता. उन्हानं तो तडकला होता; एक खपली मी उचलली तर ती मोडायला दोन्ही हात लागले. जिथे माझा खड्डा होता तिथून गुरं चालली होती. आता जगातल्या कुठल्याही यंत्राला तो गाळ कसा होता ते कळणार नव्हतं. ते फक्त माझ्या तळहाताला माहीत होतं. मी तिथेच खाली बसलो. इतकं हरल्यासारखं मला कधी वाटलं नव्हतं, माझे वडील गेले तेव्हाही नाही.

सोमला मला शोधत आला. माझ्याशेजारी उकिडवा बसला, चिलीम काढली. नळ्यांचं कसं विचारावं ते मला सुचत नव्हतं. त्यानं स्वतःच सुरू केलं.

"साहेब, तवा तुमाले सांगतलं नाई. तुमच्या नळ्या सैल भरल्या होत्या. तुमी शिकलेले मानसं, तुमाले मालाची सवय नाई. म्या एक नळी हालवून पायली, तं आत डुबुक डुबुक वाजे. म्हटलं, ह्या तं फुलसावंगीलेच फुटतीन."

"मग?"

"मंग काय? मेन काढलं. एकेक नळी कडब्यावर धरून आपटली, हळूहळू, काचेचं भांडं आपटावं तशी. बसला माल. वरून त्याच खड्ड्यातला गाळ घातला, पुन्यांदा आपटला, पुन्यांदा घातला. वाजनं बंद झालं तवा सोडलं. तुमचं मेन तडकलं होतं, म्हनून सीतानं पोयातलं मेन तापवून देल्लं." पोयातलं म्हणजे मधाच्या पोळ्यातलं. "ते डबेबी तसेच केले. सारी दुपार गेली. पन बेस काम झालं."

त्यानं हाताच्या तळव्यांकडे पाहिलं. त्या हातांनी तो मला दाखवत होता, कसं आपटलं ते, वर उचलून, हलकेच खाली, 'हं' करत. जो मोकळेपणा त्याच्या मुलाला सोडवणार होता, तो त्यानं स्वतःच्या हातांनी, एकेक नळी करून, नाहीसा केला होता. मायेनं केला होता.

पुढचं थोडक्यात सांगतो. नमुने प्रवासात दाबले गेले, त्यांवरून काहीही ठरवू नये, एवढंच मी अहवालात लिहिलं. कुणी आणि कसे, ते लिहिलं नाही. चौकशीनं त्याचा अर्थ सोयीचा लावला. गाळ कच्चा असल्याचा पुरावा नाही, कुदळ पाहिल्याचा साक्षीदार आहे. परसराम आत आहे आणि अजून बरीच वर्षं राहील. तांडा अजून ताडपत्र्यांखाली आहे. दिवाणजींचा नवा बांध दुसऱ्या नाल्यात चढतो आहे, आणि तोही गाळावरच चढतो आहे असं ऐकतो.

पण त्या दिवशी यातलं काही सोमलाला ठाऊक नव्हतं. त्यानं मला जेवल्याशिवाय सोडलं नाही. परसराम आला की बोकड कापू, तुमी आलंच पायजे, असं तो दोनदा म्हणाला. सीता भाकऱ्या थापत होती, पूर्वीसारखीच, माझ्याकडे न बघता. निघायची वेळ झाली तसं त्यानं माझ्या या खेपेच्या रिकाम्या नळ्या गाडीत ठेवल्या, आणि त्या हलू नयेत म्हणून मधल्या फटींत कडबा कोंबू लागला. कोंबता कोंबता थांबला.

"साहेब, एक इचारू? म्या भरलेला माल नीट पोचला ना? रस्त्यात सांडला तं नाई?"

मी गाडीचं चाक धरलं. त्याच्या आजाच्या मिठाची गोष्ट आठवली.

"कणभरही सांडला नाही, नाईक," मी म्हणालो.

तो वळला आणि त्यांच्या बोलीत चुलीकडे मोठ्यानं काहीतरी म्हणाला. सीता उठली, पिठाचे हात लुगड्याला पुसले, गाडीपर्यंत आली आणि मला वाकून नमस्कार केला.